कियोन

कोशात आल्याला शब्द सापडला : हेंहिब्रे.
तीन दुकानांत म्हणून पाहिला.
पहिल्याने खांदे उडवले, दुसरीने मध दिला,
तिसऱ्याने दवाखान्याचा रस्ता दाखवला.
सर्दी मला लिमाच्या आभाळाने दिलेली.
महिनोन्‌महिने दाटून राहतं आणि बरसत नाही,
नुसतं ओल्या हाताने चाचपत बसतं माणसाला.

कापोन गल्लीच्या तोंडाशी कमान.
तिच्याखाली एक पोरगा जेवणाची पत्रकं वाटतो,
चीफा चीफा चीफा,
मध्ये श्वास घेत नाही.
काचेमागे बदकं टांगलेली, तुपात न्हाल्यासारखी,
आणि त्यांच्याकडे पाहत
आंदीजवरून उतरलेली एक बाई, पाठीवर मूल,
गरम पाव फुंकून फुंकून खाते.

आत, वजनकाट्यापाशी, उंच स्टुलावर
हेर्मेलिंदा असेन.
पाय जमिनीला पोचत नाहीत.
मी खोकले.
"कियोन," ती म्हणाली. विचारलं नाही, निदान केलं.
आणि मुठीएवढं, मातीचं, चहूकडे बोटं फुटलेलं
आलं
माझ्या तळव्यावर ठेवलं.
"ज्यांनी आणलं त्यांचाच शब्द चालतो.
तुझा तो दुसरा पुस्तकात राहू दे."

मग मी तिला आमचा शब्द सांगितला.
आलं. म्हणजे हेच. आणि म्हणजे, येऊन पोचलं.
"कियेन?" तिने विचारलं. कोण?
आणि स्वतःच हसली,
कियेन, कियोन, एवढंच तर अंतर.

कोण आलं, ते तिने काटा पुसता पुसता सांगितलं.
पणजोबा. एकोणीस वर्षांचा. मकावहून, जहाजाच्या पोटात,
एकशेवीस दिवस.
आठ वर्षांच्या करारावर अंगठा,
आणि समोर, न संपणारा ऊस.
कायावच्या धक्क्यावर कारकुनाने नाव विचारलं.
याला प्रश्नच कळला नाही.
रांगेत मागून कुणी सोबत्याने हाक मारली, अ-सेन!
कारकुनाने तेच लिहून घेतलं.
"अ म्हणजे काही नाही गं," ती म्हणाली,
"तुमच्यात असेलच की काहीतरी,
नावाच्या आधी तोंडातून निसटणारं."
आहे. अरे. अगं. ए.
"तेच. खरं आडनाव त्याच्याबरोबर पुरलं.
आम्ही चार पिढ्या, सरकारदरबारी,
कुणीतरी कुणाला मारलेली हाक आहोत."

दुपारी नातवाला गल्ल्यावर बसवून
ती मला पारूरो रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत घेऊन गेली.
जिने चढताना दोनदा थांबली,
दोन्ही वेळा म्हणाली की माझ्यासाठी थांबली.
वर लाल चेहऱ्याचा देव, दाढी छातीवर,
आणि रांगेत
एक पोलीसबाई, एक टॅक्सीवाला, गळ्यात क्रूस,
परीक्षेला बसलेली दोन पोरं.
हेर्मेलिंदाने आधी छातीवर क्रूस काढला,
मग तीन उदबत्त्या लावल्या,
मग काठ्यांचा डबा खुळखुळवला, एक काठी पडेपर्यंत.
दरवर्षी एकच प्रश्न विचारते : आडनाव काय होतं?
गुरुजींनी चिठ्ठी वाचली.
प्रवास शुभ. उत्तरेकडे फायदा.
"गेल्या वर्षी म्हणाला होता, गुडघे सांभाळ," ती म्हणाली.
"त्याचं तरी काय चुकलं!
दीडशे वर्षं सगळे त्यालाच विचारतायत."

उतरताना कठडा धरून
मी धीर केला आणि सांगितलं,
की माझ्या भाषेत तिचं आडनाव
आडनाव नाहीच, क्रियापद आहे.
पुढच्या काळाचं.
असेन : मी इथे असेन.

ती एका पायरीवर थांबली.
या वेळी माझं निमित्त केलं नाही.
ओठांनी दोनदा हलकेच म्हणून पाहिलं,
नाणं खरं आहे का पाहावं तसं.
"बरोबर आहे," म्हणाली.
"सातपासून असेन.
सोमवारी नाही. सोमवारी दुकान बंद."